हाकेच्या अंतरावरचे नाटक



गोव्यातील मराठी नाटक हा विषय निघाला की आपण लगेच इतिहासाकडे वळतो. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी उभी केली. मुंबईतल्या गोवा हिंदु असोसिएशनने १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले. ‘मत्स्यगंधा’चे संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी हेही मंगेशीचेच. हा अभिमान रास्त आहे. पण मला आज बोलायचे आहे ते आपल्या घरापासून चार-पाच किलोमीटरांवर या हंगामात होणाऱ्या नाटकाविषयी.

असे नाटक आपल्याकडे तीन ठिकाणी भेटते. पहिले तिकीट काढून पाहायचे. पणजीची कला अकादमी, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे येथील रवींद्र भवने यांमुळे मुंबई-पुण्याचे व्यावसायिक नाटक आता आपल्या तालुक्यापर्यंत येते. दुसरे कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतले. तिथे आपली मंडळी नवे विषय आणि नवी मांडणी करून पाहतात. तिसरे देवळाच्या उत्सवातले. दिवाळीनंतर जत्रा-काले सुरू झाले की वैशाखापर्यंत कुठे ना कुठे मांडवात पडदा लागलेला असतो. पहिल्या दोहोंना प्रेक्षक आहेत आणि त्यांच्यावर थोडेफार लिहिलेही जाते. तिसऱ्याविषयी मात्र आपण सुशिक्षित मंडळी ‘गावचे नाटक’ एवढे म्हणून थांबतो. म्हणून तिथेच थोडे रेंगाळू.

या नाटकाला हौशी म्हणण्याची पद्धत आहे. पण रंगपटात डोकावून पाहा. नट गावातले असतात : कोणी बसचालक, कोणी दुकानदार, कोणी कारखान्यात पाळीवर जाणारा. रंगभूषाकार, ऑर्गन आणि तबलावादक, पडदे व दिवे भाड्याने देणारे मात्र व्यावसायिक असतात. बऱ्याचदा नायिकेची भूमिका करणारी अभिनेत्रीही बाहेरून मानधनावर येते. आज पेडण्याला तर उद्या काणकोणला, असा तिचा हंगाम. एका तालमीत सगळा प्रयोग समजून घेऊन, ज्यांच्यासोबत पूर्वी कधी उभी राहिली नाही अशा नटांबरोबर ती रात्री भूमिका निभावते. हौस आणि व्यवसाय असे एकाच रंगमंचावर नांदतात. हे पाहायला शिकलो, तर या प्रयोगाची तुलना मुंबईच्या प्रयोगाशी करण्याची गरज उरत नाही.

आता भाषेविषयी. या नटांच्या घरात कोकणी बोलली जाते. तालीम मात्र मराठी नाटकाची. महिना-दोन महिने रात्री जेवणे आटोपल्यावर शाळेत किंवा कोणाच्या तरी पडवीत नक्कल हातात घेऊन पाठांतर चालते. दिग्दर्शक ‘न’ आणि ‘ण’ वेगळे करून घेतो, वाक्य कुठे तोडायचे ते सांगतो. माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. पाठ्यपुस्तकातला उतारा वाचताना तो दर ओळीला अडखळे. त्याच्याच गावच्या उत्सवात मी त्याला संभाजीच्या भूमिकेत पाहिले. पल्लेदार वाक्ये तो न अडखळता बोलत होता, आणि कोणत्या शब्दावर थांबायचे हे त्याला नेमके ठाऊक होते. वर्गातल्या तीन वर्षांत जे साधले नसते ते तालमीच्या दोन महिन्यांत साधले होते. गोव्यातील मराठीची एक शाळा अशी देवळाच्या मांडवात भरत आली आहे.

ही शाळा सध्या अडचणीत आहे. अनेक ठिकाणी उत्सव समित्या बाहेरचे तयार नाटक ठरवून आणू लागल्या आहेत. मी त्यांना दोष देत नाही. पाळीची नोकरी करणाऱ्या बारा जणांना एका वेळी तालमीला जमवणे सोपे नाही. तयार नाटकात प्रयोग पडण्याची धास्ती नसते. करमणूक होते, प्रेक्षकही खूश असतात. पण उत्सवाची ती एक रात्र टिकली, तरी तिच्या आधीचे दोन महिने जातात, आणि भाषेची खरी कमाई त्या दोन महिन्यांतच असते.

लेखक मित्रांना इथे एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. गावोगावी तीच ती ऐतिहासिक-पौराणिक नाटके का होतात, असा प्रश्न आपण नाक मुरडून विचारतो. उत्तर पात्रांच्या संख्येत आहे. आजचे व्यावसायिक नाटक दौऱ्याच्या खर्चामुळे चार-पाच पात्रांत आणि एका दिवाणखान्यात लिहिले जाते. गावाला बारा-पंधरा भूमिका हव्या असतात, कारण प्रत्येक वाड्यावरचा कोणीतरी रंगमंचावर यायला हवा. दोन वाक्यांच्या सेवकासाठीही त्याचे सगळे कुटुंब पुढच्या रांगेत येऊन बसते. आजच्या गोव्याविषयी, जमिनीविषयी, खाणींविषयी, परदेशी गेलेल्या मुलांविषयी बारा-पंधरा पात्रांचे नाटक कोणी लिहिले, तर ते करणारी मंडळी गावात आजही सापडतील.

दुसरी उणीव समीक्षेची. उत्सवी नाटकाची बातमी येते, त्यात सत्काराची आणि देणगीदारांची नावे असतात, प्रयोगाविषयी एक वाक्य नसते. कौतुक जसे लिहावे तसे दोषही लिहावेत. भाषणांमुळे प्रयोग तास-दीड तास उशिरा सुरू होतो, नट माईकखाली येऊन खिळून राहतात, करुण प्रसंग रडारडीत वाहून जातो. हे कोणी सांगितलेच नाही, तर सुधारणार कसे? नुसती वाहवा करणे म्हणजे त्या कलावंतांना गंभीरपणे न घेणेच होय.

शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे एवढेच. नाटकाचा पेपर शिकवताना वर्षाला दोन प्रयोग पाहणे सक्तीचे करा, एक तिकिटाचा आणि एक मांडवातला. विद्यार्थ्यांना दोन पाने लिहायला सांगा. कथानक नको, प्रेक्षक कुठे हसले, कुठे गप्प झाले, कोणत्या पदाला वन्समोअर मिळाला आणि का, हे लिहू द्या. घरोघरी पडून असलेल्या जुन्या नकला आणि हस्तपत्रके वाळवी लागण्याआधी गोळा करून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही पाहायला जाच. पण पुढच्या वर्षी तालमीची हाक आली, तर ‘वेळ नाही’ म्हणण्यापूर्वी एकदा नक्कल हातात घेऊन पाहा, एवढी विनंती करून मी थांबतो.