वीज भरून घेण्याची वेळ



दिवसभराचं वैशाखातलं ऊन सोसून आपण संध्याकाळी इथं आलात. ज्या उन्हानं दुपारी आपल्याला घराबाहेर पडू दिलं नाही, त्याच उन्हाबद्दल मला आज बोलायचं आहे.

विजेवरच्या गाड्या धूर सोडत नाहीत, हे खरं. पण त्यांच्यात भरलेली वीज येते कुठून? भारतात आजही सुमारे ७० टक्के वीज कोळशातून तयार होते. रात्री गाडी चार्जिंगला लावून आपण झोपतो, तेव्हा चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथल्या केंद्रांत कोळसा जळत असतो. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावरचा धूर कमी झाला, एवढ्यावर समाधान मानणं म्हणजे चंद्रपूरकरांच्या श्वासाचा हिशेबच न धरणं.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे चार्जिंग स्टेशनच्या छपरावर सौर पॅनेल बसवणं. गणित करून पाहू. एक किलोवॉटच्या पॅनेलना साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यांतून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. मोटारींचा ६० किलोवॉटचा एकच जलद चार्जर भर दुपारी निव्वळ पॅनेलवर चालवायचा, तर साडेपाच गुंठे जागा हवी. पन्नास बसगाड्यांचं आगार घ्या. प्रत्येक बसला रोज २०० युनिट धरले, तरी १०,००० युनिट झाले. त्यासाठी पावणेसहा एकर पॅनेल लागतील. शहरात एवढी जागा कुठली? छपरावर पॅनेल जरूर बसवावीत, पण बहुतेक वीज दूरच्या माळरानावरून तारांनीच यावी लागणार. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी १०० किलोवॉट मागणी असलेल्या ग्राहकालाही अशी हरित वीज थेट विकत घेण्याची वाट मोकळी केली आहे.

तारांतून वीज आणता येते, वेळ मात्र आणता येत नाही. ऊन दुपारी असतं आणि आपण गाडी रात्री लावतो. खरी गाठ इथं आहे.

ती कशी सोडवायची, हे पाहायला नेपाळकडे वळू. या देशात पेट्रोल-डिझेल सगळं बाहेरून येतं. २०१५ च्या अखेरीस सीमेवरची वाहतूक अडली आणि काठमांडूत इंधनासाठी दिवसच्या दिवस रांगा लागल्या. आणि वीज? त्याआधी काही हिवाळ्यांत दिवसाला १६-१६ तास भारनियमन होतं. त्याच देशानं पुढच्या काही वर्षांत भारनियमन संपवलं. २०२१ मध्ये ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. पेट्रोलच्या मोटारीवर तिच्या किमतीच्या दुपटीहून अधिक कर आणि विजेच्या मोटारीवर त्याहून पुष्कळ कमी, असं धोरण ठेवलं. वीज प्राधिकरणानं स्वतः ५१ चार्जिंग स्टेशनं उभारली. काठमांडू-पोखरा रस्त्यावर हॉटेलांच्या अंगणात चार्जर आले. प्रवासी डाळ-भात जेवतात, तोवर गाडीचंही पोट भरतं.

पण नेपाळची मोठी शिकवण दरपत्रकात आहे. तिथं चार्जिंगची वीज रात्री ११ ते पहाटे ५ स्वस्त आणि संध्याकाळी ५ ते रात्री ११ महाग असते. कारण नदी रात्रीही वाहते. साठवणीची धरणं फारशी नसल्यामुळे मध्यरात्रीचं पाणी तेव्हाच वापरलं नाही, तर वाया जातं. नेपाळलाही अडचण आहे. हिवाळ्यात नद्या आटतात आणि भारतातून वीज घ्यावी लागते. तरीही आपला स्रोत कधी भरभरून देतो हे ओळखून त्यांनी दर ठरवले.

आपला भरभरून देणारा स्रोत सूर्य. म्हणून आपली स्वस्त वेळ दुपारची हवी. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तसंच म्हटलं आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत सार्वजनिक चार्जिंग स्टेशनला सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दरानं वीज द्यावी आणि इतर वेळी १.३ पट दरानं. आषाढ-श्रावणात ऊन झाकोळतं, तेव्हा साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या जोरात फिरतात. निसर्गानं आपली सोय बऱ्यापैकी लावून दिली आहे.

आता प्रश्न माणसांचा. दुपारी गाड्या असतात कुठे? नोकरदारांच्या गाड्या कचेऱ्यांच्या, कारखान्यांच्या, महाविद्यालयांच्या वाहनतळांवर तासन्‌तास उभ्या असतात. तिथं महागडे जलद चार्जर नकोत. साधा १६ अँपिअरचा सॉकेट तासाला तीन युनिट देतो. सहा तासांत १८ युनिट, म्हणजे छोटी मोटार शंभर किलोमीटर सहज धावेल. माझ्या मते सरकारी अनुदानाचा मोठा वाटा या साध्या सॉकेटांकडे वळायला हवा.

रिक्षावाल्याचं काय? दुपारी गाडी उभी केली, तर त्याची कमाई बुडते. त्याला बॅटरी-बदल केंद्र हवं. रिकामी बॅटरी द्यायची, भरलेली घ्यायची आणि दोन मिनिटांत पुढच्या भाड्याला निघायचं. रिक्षा धावत असताना केंद्रावरची बॅटरी उन्हाच्या विजेवर भरते. रवांडाच्या किगाली शहरात मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांसाठी अशी केंद्रं चालू आहेत. स्वस्त विजेचा लाभ ज्याच्याकडे स्वतःचा वाहनतळ आहे त्यालाच मिळाला आणि ज्याचं पोट चाकावर आहे तो महाग विजेवर राहिला, तर ते धोरण मी न्याय्य म्हणणार नाही.

श्रोतेहो, हे शहाणपण आपल्या घरांत जुनंच आहे. ज्यांच्या नळाला तासभरच पाणी येतं, त्या घरच्या बाईला ते कधी येतं हे पक्कं ठाऊक असतं. हंडे, कळश्या, पिंप ती त्या तासातच भरून घेते. गाडीची बॅटरी हे विजेचं पिंपच आहे. आपल्याकडे विजेचा हा नळ रोज दुपारी उघडतो. उद्या दुपारी आपापल्या कचेरीच्या वाहनतळावर एक फेरी मारा आणि तिथं एखादा तरी सॉकेट आहे का ते पाहा. नसेल, तर तो मागा.