बिनतारी उपकरणांची सुरक्षा : एक आर्थिक प्रश्न



बिनतारी जोडणीतील लहरींना घराची भिंत अडवू शकत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील साखळी बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल धाडण्यात आला, तो नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फायचा गैरवापर करून.

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने उत्पादकांनी दिलेले मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याच साहाय्याने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. उपकरणांच्या मालकांना मात्र त्याची फारशी झळ बसली नाही. निष्काळजीपणा एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला. अर्थशास्त्रात यालाच ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. ग्राहकाला किंमत दिसते, सुरक्षा दिसत नाही. त्यामुळे सुरक्षेवर खर्च करणारा उत्पादक स्पर्धेत मागे पडतो.

म्हणूनच उपाय दुहेरी हवेत. नागरिकांनी मूळ पासवर्ड बदलावा, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे आणि कालबाह्य ‘वेप’ऐवजी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ कूटलेखन वापरावे. शासनाने किमान मानके सक्तीची करावीत. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सर्व उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देण्यास बंदी घातली आहे. सुरक्षा ही सार्वजनिक हिताची बाब आहे. ती केवळ ग्राहकाच्या दक्षतेवर सोडून चालणार नाही.