गाडीतील गॅसची बाटली



गेवराई तालुक्यातील उमापूरच्या रस्त्यावर भर दुपारी तासभर उभे राहिले आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या नीट न्याहाळल्या, तर कितीतरी गाड्यांतून गॅसची बाटली जाताना दिसेल. एखादी मोटार सीएनजीवर चालणारी असते. एखाद्या टेम्पोत वेल्डिंगवाल्याची ऑक्सिजनची उंच काळी बाटली आडवी पडलेली असते. एखाद्या जीपमध्ये मागच्या बाकाखाली घरची लाल टाकी भरून चाललेली असते. बाटली म्हणा, टाकी म्हणा, नाहीतर सिलिंडर म्हणा, ती आता शहरवाल्यांचीच राहिलेली नाही. 2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून तर ती वाडीवस्तीवर पोचली आहे. अशी बाटली गाडीत असताना तिची निगा कशी राखावी, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

सुरुवात मात्र एका परक्या बाटलीपासून करतो. गॅरेजात बसणारी तरुण पोरे हल्ली ‘नायट्रस’ची चौकशी करतात. 2001 साली आलेल्या एका इंग्रजी चित्रपटाने, ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ने, ही बाटली जगभर प्रसिद्ध केली. बटण दाबले की मोटार उडाल्यासारखी पळते, एवढेच त्यात दिसते. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर मोटारींच्या सरळ शर्यती झाल्या आहेत, तेव्हा हा शौक अगदीच सातासमुद्रापलीकडचा नाही.

नायट्रस ऑक्साइड हा वायू 1772 साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला. दात काढताना आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर भुलीसाठी वापरतात तोच हा. तो स्वतः पेट घेत नाही. मग मोटार का पळवतो? घरातल्या चुलीकडे पाहा. लाकूड तेच असते, पण फुंकणीने वारा घातला की जाळ भडकतो. हवेत वजनाने सुमारे 23 टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये 36 टक्के. इंजिनाच्या उष्णतेने हा वायू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि त्याच्याबरोबर जास्तीचे पेट्रोल दिले तर ताकद एकदम वाढते. पेट्रोल कमी पडले तर मात्र पिस्टन वितळतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लढाऊ विमानांच्या इंजिनांना हीच फुंकणी लावली होती. उंचावर हवा विरळ असते म्हणून.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट ऐका. बाटलीत हा वायू द्रवरूपात दाबून भरलेला असतो. 20 अंश उष्णतेला बाटलीतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे 50 पट असतो. उष्णता वाढत 36 अंशांवर गेली की तो 72 पटींच्या आसपास जातो, आणि त्यापुढे हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. मग दाब किती चढेल, हे बाटली किती भरली आहे यावर ठरते. ठासून भरलेली असेल तर तो फार झपाट्याने चढतो. बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात सावलीत पारा 40 च्या वर जातो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आत तर हात टेकवत नाही. थंड मुलुखात केलेली ही वस्तू आपल्या उन्हात निराळीच वागते, एवढे यावरून समजावे.

म्हणून ज्यांना या बाटलीची माहिती आहे, ते ती काट्यावर तोलून भरतात, अंदाजाने कधीच नाही. शर्यत संपली की व्हॉल्व्ह बंद करून बाटली गाडीतून काढतात आणि सावलीच्या, हवेशीर जागी उभी बांधून ठेवतात. व्हॉल्व्हजवळ धातूची एक पातळ चकती असते. दाब हद्दीबाहेर गेला तर बाटली फुटण्याआधी ती फुटावी, अशी योजना असते. तिचे तोंड नळीने गाडीच्या बाहेर काढावे लागते. नाहीतर सगळा वायू आत कोंडतो आणि बसलेल्या माणसाला श्वास घेण्यासारखी हवाच उरत नाही. व्हॉल्व्हला आणि जोडांना तेल किंवा ग्रीस लावत नाहीत. ऑक्सिजनच्या बाटलीलाही हाच नियम आहे. दाबाखालच्या ऑक्सिजनशी गाठ पडली की तेल आपसूक पेटते. आमच्या गॅरेजांत तेलकट हाताने पान्हा उचलण्याची सवय जुनी आहे, म्हणून हे दोनदा सांगावेसे वाटते. कित्येक जण थंड बाटलीचा दाब वाढवायला तिला गॅसची ज्योत दाखवतात. याइतका अविचार दुसरा नाही. बाटली अगदी रिकामीही करू नये आणि व्हॉल्व्ह उघडा टाकून ठेवू नये, कारण आत दमट हवा शिरते आणि गंज धरतो.

नायट्रस हुंगून पाहण्याचा खेळ काही पोरे करतात. त्याने शुद्ध हरपते आणि जीवही जातो. म्हणून परदेशात मोटारीसाठीच्या नायट्रसमध्ये गंधकाचा उग्र वायू थोडासा मिसळतात. आणि कायद्याचे म्हणाल, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करू देत नाही. ती बाटली शर्यतीच्या मैदानातच शोभते. तिचा विषय इथेच सोडू.

खरी काळजी आहे ती लाल टाकीची. घरगुती टाकीतला गॅस नळीने ओढून व्हॅनमध्ये भरण्याचा चोरटा धंदा अनेक ठिकाणी चालतो. गॅस तोच, मग गाडीत भरला तर बिघडले कुठे, असे लोक विचारतात. बिघडते ते असे. गाडीसाठी मान्य असलेल्या एलपीजी टाकीला आतून एक झडप असते. टाकी 80 टक्के भरली की ती भरणे आपोआप थांबवते. वरचा पाचवा हिस्सा मोकळा हवा, कारण उन्हाने द्रव फुगतो आणि फुगायला त्याला जागा लागते. घरच्या टाकीवरून नळी लावून भरणाऱ्याकडे ना झडप असते ना काटा. शिवाय भरताना गळलेला गॅस वर जात नाही, तो हवेपेक्षा दीडपट-दुपटीने जड असतो. तो जमिनीलगत पाण्यासारखा पसरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. द्रवाचा एक पेला सांडला तर त्याचा अडीचशे पेले गॅस होतो. मग मोटरपंपाच्या खटक्याची ठिणगी पुरते.

असल्या गाड्यांतून शाळेची मुले नेली जात असतील, तर गुरुजींनो, यात तुम्हाला बोलायला जागा आहे. गाडीच्या नोंदणीपत्रावर इंधनाचा प्रकार छापलेला असतो. फक्त ‘पेट्रोल’ लिहिले असेल आणि बाकाखाली टाकी दिसत असेल, तर प्रश्न विचारा. ड्रायव्हर गावचाच, कदाचित तुमचाच जुना विद्यार्थी असेल, आणि विचारायला संकोच वाटेल. पालकांना घेऊन विचारा, पण विचाराच. घरगुती गॅस गाडीत वापरायला 2000 आणि 2001 सालच्या केंद्र सरकारच्या आदेशांनी मनाई आहे, तेव्हा तुम्ही काही आगाऊपणा करता असे होत नाही.

सीएनजीची बाटली निराळी. तिच्यात दाब असतो हवेच्या 200 पट. मोटारीच्या चाकात दोन पटींच्या आसपास असतो, यावरून कल्पना करा. हा गॅस हलका आहे, गळला तर वर निघून जातो, हे त्यातल्या त्यात बरे. पण बाटलीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासणी करून घ्यावी लागते, आणि तपासणीची तारीख गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते. तपासणीचे पैसे वाचवणारे लोक मी पाहिले आहेत. ते गाडीच्या काचेवर नावे रंगवायला त्याहून जास्त खर्च करतात! आपल्या रस्त्यांवर खडी उडते, चिखल बसतो. बाटली बांधलेले पट्टे ढिले झाले की ती घासते आणि घासलेल्या जागी गंज लागतो. तिथे वेल्डिंग करणे किंवा रंगाने गंज झाकणे, दोन्ही वाईट. गॅस भरताना मात्र सगळ्यांनी खाली उतरून बाजूला उभे राहावे, म्हातारी माणसे आणि झोपलेली पोरेसुद्धा.

आता आपल्या जिल्ह्याचेच एक दृश्य. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड भरले जाते: गोधड्या, भांडी, धान्याची पोती, कोंबड्या, वर लेकरे. काही बिऱ्हाडांबरोबर आता गॅसची टाकीही जाते. जागा करायला ती आडवी टाकतात आणि वरून गोधड्या रचतात. असे कधी करू नका. टाकी उभी असली की तोंडाशी वायू असतो. आडवी झाली की तिथे द्रव येतो, आणि गळती झाली तर कितीतरी पटींनी जास्त गॅस बाहेर पडतो. प्रवासात रेग्युलेटर काढा, तोंडावर दोरीची पांढरी टोपी घट्ट बसवा, टाकी उभी करून कडेच्या फळीला दोराने बांधा. तिच्याजवळ कुणी विडी ओढू नये. कोपीत गेल्यावरही ती पाचटाच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. शेगडी टाकीपेक्षा उंच असावी, दगडमातीचा ओटा केला तरी चालेल. मुकादमाने एवढे पाहिले तर टोळीचा त्याच्यावरचा विश्वास वाढेल.

गॅसला मुळात वास नसतो; गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास घालतात. तो आला की दिवा लावू नका आणि लागलेला मालवूही नका, कारण खटक्यात दोन्ही वेळा ठिणगी उडते. गाडी चालू करू नका. दारे उघडा, लेकरे बाहेर काढा, वाऱ्याच्या उलट्या दिशेला थांबा आणि 1906 क्रमांकावर फोन करा. ही मदत गॅसच्या अपघातासाठीच ठेवलेली आहे. गळती कुठे आहे हे काडी पेटवून शोधणारे अजून भेटतात. जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर तिथेच गळते.

रंगावर फार विसंबू नका. हॉटेलातली 19 किलोची गॅसटाकी निळी असते आणि दवाखान्यातली नायट्रसची बाटलीही निळीच असते. नाव वाचून मगच हात लावावा.

शिक्षकांना एक काम सुचवतो. घरगुती टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यांपैकी एकीवर आतून इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्च, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर, आकडे वर्षाचे. सी-29 असेल तर 2029 च्या सप्टेंबरअखेरपर्यंत ती टाकी तपासणीला द्यायची आहे. उद्या वर्गात मुलांना हे फळ्यावर लिहून द्या आणि घरच्या टाकीवर काय लिहिले आहे ते वहीत उतरवून आणायला सांगा. ज्याच्या टाकीची तारीख उलटून गेली असेल, त्याच्या घरी निरोप पाठवा की टाकी वितरकाला परत करून दुसरी मागून घ्या.