गळ्याची विद्या आणि ज्ञातीचे कर्तव्य
(भामरागड येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमाशी आज आपण चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतून जमलो आहोत. शिष्यवृत्ती, विवाहखर्च, वसतिगृह हे विषय आपल्यापुढे असताना गायकांची चरित्रे सांगावयास आम्ही का उभे राहिलो, अशी शंका कोणास आल्यास ती रास्तच आहे. तिचे उत्तर आपल्या कार्यकारिणीपुढील एका अर्जात आहे. झाडीपट्टीच्या नाटकांतून गाणाऱ्या एका तरुणाने गुरूजवळ राहून शास्त्रोक्त गायन शिकण्यासाठी साह्य मागितले आहे. वैद्यक, अभियांत्रिकी व अध्यापन यांसाठी आपला निधी खुला आहे. गाणे हे त्या अर्थाने शिक्षण होय की नव्हे, याविषयी मात्र सभासदांत मतभेद आहेत. त्यावर मत बनविण्यापूर्वी दोन चरित्रे आपण ऐकावीत, अशी विनंती आहे.

पहिले चरित्र परदेशचे. युरोपात संगीत नाटकास ऑपेरा म्हणतात आणि त्यातील उंच पट्टीच्या पुरुषी आवाजास टेनर. एन्रिको कारुसो हा या शतकभराच्या काळात सर्वांत प्रसिद्ध झालेला टेनर. इटलीतील नेपल्स शहरी 25 फेब्रुवारी 1873 रोजी एका कामगाराच्या घरी त्याचा जन्म झाला. लहानपणी त्याने कारखान्यात उमेदवारी केली व प्रार्थनामंदिरात गाऊन चार पैसे मिळविले. त्याच्या गुरूस प्रथम त्या गळ्यात विशेष काही दिसले नाही. पुढे शिकविण्याचे मान्य केले, तेही भावी मिळकतीतून चौथा हिस्सा द्यावा या करारावर. 1895 साली तो नेपल्सच्या रंगभूमीवर उभा राहिला. 1902 च्या एप्रिलमध्ये मिलान येथे त्याने शंभर पौंडांवर दहा गीते ध्वनिमुद्रित केली आणि त्या तबकड्यांनी त्याचे नाव देशोदेशी नेले. पुढील वर्षी 23 नोव्हेंबर रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहात त्याने प्रथम भूमिका केली आणि 1920 च्या डिसेंबरपर्यंत ते नाट्यगृह त्याचे घर झाले.

त्याच्या जन्मगावची कथा मात्र निराळी आहे. 1901 साली नेपल्सच्या मुख्य नाट्यगृहात तो गावयास आला, तेव्हा त्याचे मनाजोगे स्वागत झाले नाही. त्यानंतर त्याने त्या शहरी पुन्हा कधीही नाट्यप्रयोग केला नाही. त्याचा अंत मात्र 2 ऑगस्ट 1921 रोजी तेथेच झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे 48 वर्षांचे होते.

दुसरे चरित्र आपल्या घरचे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या युगाने जे थोर गायकनट दिले, त्यांत केशवराव भोसले यांचे स्थान फार वरचे आहे. कोल्हापूरला 9 ऑगस्ट 1890 रोजी जन्मलेल्या या मुलाचे पितृछत्र लवकर हरपले. कोवळ्या वयातच त्यास नाटक मंडळीत जावे लागले. शाळेचे भाग्य नव्हते. मंडळी हीच शाळा. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने त्या बालनटाचे नाव झाले. 1908 साली, म्हणजे अठरावे वर्षही पुरे झाले नसताना, त्याने हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. आपल्या वऱ्हाडातील वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ याच मंडळीने गाजविले. हुंड्याच्या चालीवर प्रहार करणारे वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ही याच मंडळीने रंगभूमीवर आणले. ज्या हुंड्याविषयी आपण दर वर्षी ठराव करतो, त्याविषयी एका नाटक मंडळीने शतकापूर्वीच मराठी समाजास विचार करावयास लावले, हे विसरून चालणार नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. मंडळीचे मालक झाल्यावरही केशवरावांनी रामकृष्णबुवा वझे यांच्यापाशी शिष्यभावाने गायनाचे धडे घेतले. प्रेक्षकांच्या टाळ्या मिळत असतानाही त्यांना शिकण्याची गरज वाटली, ती का? ध्वनिवर्धक नसलेल्या काळी मागच्या रांगेपर्यंत गाणे पोचवावयाचे, ते नुसत्या ओरडण्याने पोचत नाही. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. ऑपेराच्या वाद्यवृंदाचा जोर दर सेकंदास सुमारे 500 कंपनांच्या आसपास अधिक असतो. तयारीच्या पुरुष गायकाच्या आवाजास सुमारे 3000 कंपनांच्या आसपास एक वेगळी धार येते. त्या धारेमुळे एकटा गळा शेकडो तारा व कर्ण्यांच्या नादातून वेगळा ऐकू येतो. ही धार वर्षानुवर्षांच्या मेहनतीने कमवावी लागते.

8 जुलै 1921 रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. प्रतिस्पर्धी मंडळींचे दोन मालक राष्ट्रकार्यासाठी एका रंगमंचावर आले. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, तोच 4 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या 31 व्या वर्षी, विषमज्वराने केशवरावांना नेले. कारुसोच्या मृत्यूस तेव्हा दोनच महिने झाले होते. कोल्हापूरच्या ज्या नाट्यगृहास केशवरावांचे नाव दिले आहे, ते 8 ऑगस्ट 2024 रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. गेल्यावर हळहळणारा समाज उमेदीच्या काळी कलावंताच्या पाठीशी किती उभा राहतो, हा प्रश्न आम्हांस त्या बातमीने पुन्हा घातला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. येथे दंडार आहे, खडी गंमत आहे, माडिया बांधवांचा रेला आहे. धान घरात आले की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. वडसा हे त्या मंडळींचे माहेरघर. याच रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांचा 2023 साली पद्मश्री देऊन राष्ट्राने गौरव केला. तेव्हा ही कला हलकी, हा आक्षेप आता टिकत नाही.

टिकतो तो दुसरा आक्षेप, आणि तो आम्ही नाकारीत नाही. गायकाची मिळकत अनिश्चित असते आणि अर्जदार पुढे नावारूपास येईलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. परंतु अशी हमी आपण वैद्यकाच्या विद्यार्थ्याकडूनही घेत नाही. हंगामात रात्रीमागून रात्री थंडीत गाणारा अशिक्षित गळा तिशीपूर्वी बसतो आणि मग त्या तरुणापाशी ना विद्या राहते ना धंदा. शिकलेला गळा अधिक काळ टिकतो, आणि तो न टिकला तरी त्याच्या धन्यास इतरांस शिकविता येते. कारुसोच्या गुरूने चौथा हिस्सा मागितला. आपली ज्ञाती काही मागणार नाही, एवढेच. मात्र अर्जदाराने परत येऊन आपल्या गावच्या चार मुलांस शिकवावे, अशी अट घालण्यास आमची संमती आहे.

म्हणून कार्यकारिणीने हा अर्ज शिक्षणाचा अर्ज मानून विचारात घ्यावा, परीक्षेसाठी जाणत्या गायकास बोलवावे आणि तीन वर्षांचे साह्य द्यावे, अशी सूचना आम्ही नम्रपणे मांडतो. तिला अनुमोदन द्यावे की न द्यावे, हे सभेच्या हाती आहे.