काटा थांबल्यानंतर : बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया आणि वजनाचे उद्दिष्ट

बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणजे लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर, आणि काही प्रकारांत लहान आतड्यावरही, केली जाणारी शस्त्रक्रिया. ती झालेल्या बहुतेकांचे वजन पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने उतरते, मग उतरण्याचा वेग मंदावतो, एक ते दोन वर्षांच्या दरम्यान ते कोठेतरी स्थिरावते आणि पुढील काही वर्षांत उतरलेल्यापैकी थोडे वजन परत चढते. हा क्रम इतक्या नियमाने आढळतो की, त्याला या उपचाराचा स्वाभाविक मार्गच म्हणावे लागते. तरीही काटा थांबला की रुग्णाच्या मनात, घरात आणि कित्येकदा दवाखान्यातही त्याकडे रुग्णाचा दोष म्हणूनच पाहिले जाते. ‘एवढे ऑपरेशन करूनही तोंडावर ताबा नाही’ हे वाक्य अशा माणसाला आप्तेष्टांकडून ऐकून घ्यावे लागते आणि हळूहळू तो स्वतःही तेच म्हणू लागतो. या व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, ठरवलेल्या आकड्यापर्यंत न पोहोचण्याची कारणे मुख्यतः शरीराच्या स्वभावात, तो आकडा ठरवण्याच्या पद्धतीत आणि शस्त्रक्रियेनंतर सुटत जाणाऱ्या पाठपुराव्यात आहेत. ती केवळ इच्छाशक्तीच्या उणिवेत शोधणे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही.

या शस्त्रक्रियेच्या एका प्रमुख प्रकाराचा आरंभ अमेरिकेत झाला. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही, या निरीक्षणावरून आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास करून पाहिली. आज रूढ असलेल्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची एक लहान पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. दुसरी, आणि आता अधिक प्रमाणात केली जाणारी, शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग उभा कापून काढतात आणि बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. प्रारंभी असे मानले जात होते की, पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो आणि कमी खातो म्हणून बारीक होतो. हे स्पष्टीकरण खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून दूरवर संदेश नेणारे रसायन, शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि मेंदूला भूक लागल्याचे कळवते. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग काढला जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचत असल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची सूचना देणारी संप्रेरके जेवणानंतर मोठ्या प्रमाणात स्रवतात. थोडक्यात, शस्त्रक्रिया पोटाच्या मापाबरोबर भुकेची भाषाही बदलते आणि निव्वळ उपासमारीच्या आहाराने वजनातील जी घट टिकत नाही, ती शस्त्रक्रियेमुळे पुष्कळ अंशी टिकते.

पुष्कळ अंशी टिकते, पूर्णांशाने नाही, आणि येथेच विषयाचा गाभा आहे. शरीर आपल्या चरबीचा साठा सहजासहजी सोडत नाही. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक, ज्याचा शोध १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला, साठा किती आहे याची वर्दी मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला सतत देत असते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. त्याच विद्यापीठातील रूडॉल्फ लीबेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, वजन दहा टक्के कमी करून तेथे टिकवून धरलेल्या माणसाच्या शरीराचा ऊर्जाव्यय केवळ देह लहान झाल्यामुळे जितका घटायला हवा, त्याहून अधिक घटतो. म्हणजे ज्याचे वजन मुळातच ८० किलो आहे आणि जो १०० किलोंवरून ८० वर आला आहे, अशा दोघांनी अगदी सारखे अन्न खाल्ले तरी दुसऱ्याचे वजन वाढण्याची शक्यता राहते. शस्त्रक्रिया हा विरोध बराच नरम करते, परंतु तो नाहीसा करत नाही; वजन उतरता उतरता एका टप्प्यावर खाण्यातून मिळणारी आणि शरीराने खर्चिलेली ऊर्जा यांचा नवा मेळ बसतो आणि काटा थांबतो. हा टप्पा कोणाचा कोठे येईल यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. बॉस्टनमधील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपास झालेल्या जवळच्या रक्तसंबंधीयांचे वजन परस्परांशी मिळत्याजुळत्या प्रमाणात घटलेले दिसले, तर एकाच घरात राहणाऱ्या पण रक्ताचे नाते नसलेल्यांत असे साम्य आढळले नाही. एकच स्वयंपाकघर असूनही निकाल वेगळे येतात, ही गोष्ट रुग्णाला दोष देणाऱ्या प्रत्येकाने विचारात घ्यावी अशी आहे.

दीर्घकाळात काय घडते याचा सर्वांत मोलाचा पुरावा स्वीडनमधून मिळतो. १९८७ मध्ये लार्स शोस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २०१० व्यक्तींची आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या २०३७ व्यक्तींची तुलना वर्षानुवर्षे केली गेली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचे वजन मात्र एवढ्या काळात जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. सरासरी अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. मुद्दा असा की, आयुष्य वाढल्याचा हा लाभ ज्या गटाला मिळाला, त्या गटाने सरासरीने थोडे वजन परत मिळवलेले होते आणि त्यातील कित्येकजण उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे लठ्ठच राहिले होते.

मग अपयशाची भावना येते कोठून? तिचे एक मूळ हिशेबाच्या रीतीत आहे आणि ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेचे यश मोजण्यासाठी अनेक वर्षे ‘जादा वजनातील घट’ ही पद्धत वापरली गेली. जादा वजन म्हणजे प्रत्यक्ष वजन आणि आदर्श वजन यांतील फरक. त्या फरकाचा निम्मा भाग तरी कमी झाला तर शस्त्रक्रिया यशस्वी, असा संकेत रूढ झाला. आदर्श वजन बहुधा बीएमआयवरून, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या देहवस्तुमान निर्देशांकावरून, तो २५ धरून काढतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी ते ६४ किलो येते. अशी एक स्त्री १३० किलोंची आहे असे धरले, तर तिचे जादा वजन ६६ किलो. ती ९४ किलोंवर आली म्हणजे तिने ३६ किलो, अर्थात मूळ वजनाच्या सुमारे २८ टक्के वजन कमी केले. परंतु जादा वजनातील तिची घट ५५ टक्केच भरते, म्हणजे ती काठावर उत्तीर्ण होते. पुढे चार किलो परत चढून ती ९८ किलोंवर गेली की घट ४८ टक्क्यांवर येते आणि कागदोपत्री ती अयशस्वी ठरते. त्याच उंचीच्या ९५ किलोंच्या दुसऱ्या स्त्रीचे वजनही २८ टक्क्यांनीच घटले, तर तिचे २६-२७ किलो जातात आणि जादा वजनातील घट ८५ टक्क्यांच्या घरात पोहोचते. दोघींच्या शरीरांनी शस्त्रक्रियेला अगदी सारखा प्रतिसाद दिलेला असताना एकीला शाबासकी मिळते आणि दुसरीला बोल लागतो. जिचा आजार अधिक गंभीर तिलाच कमी गुण देणारी ही मोजणी अन्याय्य आहे, आणि म्हणूनच मूळ वजनाच्या तुलनेत एकूण किती टक्के घट झाली हे पाहण्याकडे अलीकडे तज्ज्ञांचा कल वळला आहे, तो स्वागतार्ह म्हटला पाहिजे.

दुसरे मूळ अपेक्षेत आहे. १९९७ मध्ये फिलाडेल्फियातील गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात आलेल्या ६० स्त्रियांना त्यांचे उद्दिष्ट विचारले, तेव्हा ते सरासरीने मूळ वजनाच्या ३२ टक्के घटीचे निघाले आणि १७ किलोंची घट त्यांना निराशाजनक वाटत होती. हा कार्यक्रम शस्त्रक्रियेचा नव्हता, त्यामुळे एवढी घट त्यातून साधणे जवळजवळ अशक्यच होते. तरी मनातले वजन आणि शरीराला झेपणारे वजन यांतील अंतर त्यातून स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांच्या मनात तर लग्नाच्या वेळचे वजन, नाहीतर जाहिरातीतील ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रे असतात. साधारणपणे किती वजन उतरेल आणि ते कोठे थांबेल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला आणि घरच्यांनाही किलोंमध्ये सांगितले गेले पाहिजे.

भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते : दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. कमी वजनातही अधिक चरबी बाळगण्याच्या या प्रवृत्तीमुळे भारतीयांसाठी लठ्ठपणाच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या आहेत. मधुमेह वेळेत ओळखण्यासाठी हे योग्यच आहे; परंतु तीच मर्यादा शस्त्रक्रियेनंतरचे उद्दिष्ट म्हणून वापरली, तर आधीच दूर असलेला आकडा आणखी दूर जातो. कमरेचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब, झोपेत श्वास अडण्याचा त्रास, जिना चढताना लागणारी धाप ही मोजमापे अशा शरीराबद्दल वजनकाट्यापेक्षा अधिक सांगतात.

याचा अर्थ आहाराला महत्त्व नाही असा मुळीच नाही, किंबहुना मराठी घरातील ताटाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगितले जाते. घट्ट वरणाच्या एका वाटीतून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, अंड्यातूनही साधारण तितकीच. आणि पोटात मावते ती एकावेळी जेमतेम एक वाटी. त्या वाटीत आधी भात पडला तर वरणाला जागाच उरत नाही. श्रावणात किंवा नवरात्रात साबुदाण्यावर राहणाऱ्या माणसाच्या पोटात जवळजवळ निव्वळ पिष्ट जाते. त्यातच भाकरी, पोळी किंवा कोंबडीचा तुकडा नीट चावला गेला नाही की घास अडकतो, छातीत दाटून येते, प्रसंगी उलटी होते; म्हणून रुग्ण नकळत सहज उतरणाऱ्या पदार्थांकडे वळतो. चहाबरोबरची खारी, पातळ पोह्यांचा चिवडा, साबुदाण्याच्या पापड्या, श्रीखंड, आइस्क्रीम हे सारे तोंडात विरघळते, पिशवीत थांबत नाही आणि तृप्ती येऊ देत नाही. दिवसभर येता-जाता असे थोडे थोडे खाणे हे वजन परत चढण्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. परंतु त्याची सुरुवात चैनीतून क्वचितच होते, ती बहुधा अडकलेल्या घासाच्या भीतीतून होते, आणि ‘आधी डाळ, उसळ, पनीर किंवा अंडे, मग भाजी, शेवटी भात, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने’ हे कोणी पुन्हा पुन्हा, न रागावता शिकवले तर ही सवय सुधारू शकते.

इतर कारणे थोडक्यात सांगता येतील. इन्सुलिन, स्टेरॉइड, मानसिक आजारांवरील काही औषधे यांनी वजन वाढते. थायरॉइडची कमतरता, नैराश्य आणि अपुरी झोप यांचाही परिणाम होतो. बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने चढते आणि अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्यपानाची समस्या वाढलेली आढळली. क्वचित जठराची नळी रुंदावते किंवा जोडाचे तोंड मोठे होते. अशा वेळी दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो, पण तिचा धोका पहिलीपेक्षा अधिक असल्याने केवळ आकड्यासाठी ती करू नये.

औषधांचा मार्ग आता खुला झाला आहे. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेनंतर पुरेसे घटले नव्हते अशा ७० जणांवर लंडनमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जीएलपी-१ सारखे काम करणारे लिराग्लुटाइड २४ आठवडे घेणाऱ्यांचे वजन सुमारे नऊ टक्क्यांनी घटले, तर औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांचे अर्धा टक्का. विशेष हे की, चाचणीसाठी निवडलेल्यांच्या शरीरात शस्त्रक्रियेनंतरही हे संप्रेरक पुरेसे स्रवत नव्हते. ज्याला आळस किंवा खादाडपणा म्हटले गेले असते, त्याच्यामागे एक मोजता येणारी शारीरिक उणीव होती.

हे उपचार मिळायचे तर रुग्ण दवाखान्याशी जोडलेला हवा, आणि नेमके तेच घडत नाही. वजन चढू लागलेल्या माणसाला काट्यावर उभे राहण्याची लाज वाटते, म्हणून तो तारीख चुकवतो. शहरातील रुग्णालय गावापासून दूर असेल तर निमित्तही आयते मिळते. आपल्याकडील विमा मुख्यतः रुग्णालयातील मुक्कामाभोवती रचलेला असल्याने पुढील वर्षांतील आहारतज्ज्ञाच्या भेटी आणि तपासण्या बहुधा पदरच्या पैशाने कराव्या लागतात. या गैरहजेरीची खरी किंमत किलोंमध्ये मोजता येत नाही. बायपास आणि स्लीव्ह या दोन्हींनंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ यांवर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते. पुणे परिसरातील गर्भवतींच्या अभ्यासात ब-१२ची कमतरता शस्त्रक्रियेचा संबंध नसतानाच मोठ्या प्रमाणावर आढळलेली आहे, तेव्हा शाकाहारी मराठी रुग्ण मुळातच रित्या साठ्याने शस्त्रक्रियेला सामोरा जात असण्याची शक्यता पुष्कळ असते. यकृतातील ब-१२चा साठा, असलाच तर, हळूहळू संपतो. त्यामुळे पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, अंधारात तोल जाणे ही लक्षणे कित्येकदा शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी, म्हणजे लाजेपोटी दवाखाना सुटलेला असतानाच दिसू लागतात. वेळेवर कळले तर ती साध्या इंजेक्शनांनी आटोक्यात येतात. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.