हातातल्या यंत्राची पावती

(उन्हाळी व्याख्यानमालेत छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



औरंगपुऱ्यात माझं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की एक प्रश्न दुकानाच्या पायऱ्या चढून येतोच. "मोबाइलवरून प्रिंट निघते ना, तसला प्रिंटर घ्यावा म्हणतोय. परवडेल का?" आजवर या प्रश्नाचं उत्तर मी दोन वाक्यांत देत आलो. आज तुम्ही तासभर दिला आहे, तर ते नीट द्यावं म्हणतो.

आधी घरचा हिशेब करू. समजा, प्रिंटर 5,000 रुपयांना घेतला. घरात महिन्याला आठ पानं निघतात. कधी हॉलतिकीट, कधी विम्याचा कागद, कधी मुलाचा प्रकल्प. पाच वर्षांत 480 पानं झाली. म्हणजे नुसत्या यंत्राचेच पानामागे दहा रुपयांच्या वर गेले. शाई, कागद, वीज यातलं अजून काहीच धरलेलं नाही. आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला मोबाइलवर पाठवलेली फाइल छापून पाच रुपयांत पान हातात देतो.

शाईचं मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, कारण खरी मेख तिथेच आहे. इंकजेटची शाई बहुतेक पाण्यात कालवलेली असते आणि ती केसाहून बारीक छिद्रांतून बाहेर पडते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा किती कोरडी असते, ते तुम्हाला मी सांगायला नको. पंधरा दिवस पान काढलं नाही, की त्या छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते. मग प्रिंटर स्वतःहून 'हेड क्लीनिंग' करतो. म्हणजे काय करतो? चांगली शाई जोरात ओढून ती छिद्रं धुतो आणि ती शाई खालच्या स्पंजात सोडून देतो. महिन्याला आठ पानं काढणाऱ्या घरातला प्रिंटर उघडला, की तळाचा तो स्पंज काळा-निळा, ओलाचिंब निघतो. पानांवर गेली त्याहून जास्त शाई तिथे मुरलेली मी कितीदा पाहिली आहे. लेझरच्या टोनरची पूड वाळत नाही. म्हणून ज्यांना रोज दहा-वीस पानं लागतात, शिकवणी घेणाऱ्या बाई असोत की खंडपीठात वकिली करणारे कुणी, त्यांना मी वायफायचा साधा काळा-पांढरा लेझर घ्यायला सांगतो. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि दर कागदासाठी बाहेर जाणं जमत नसेल, तर तिथे पैशांचा हिशेब मी मांडतच नाही.

राहिला 'वायरलेस'चा प्रश्न. लोकांना वाटतं, महाग पडतं ते हेच. तसं नाही. वायफायची चिप आता इतकी स्वस्त झाली आहे, की साध्या प्रिंटरमध्येही ती आलेलीच असते. 2010 साली अॅपलने एअरप्रिंट आणलं आणि फोनमध्ये वेगळा ड्रायव्हर न टाकता पान छापता येऊ लागलं. पुढे अँड्रॉइडवरही तशी सोय आली. पण त्याच काळातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गुगलची क्लाउड प्रिंट नावाची सेवा होती. फोनवरचा कागद आधी इंटरनेटवर जायचा आणि तिथून घरच्या प्रिंटरवर यायचा. 31 डिसेंबर 2020 रोजी ती सेवा बंद झाली. प्रिंटर ठणठणीत होता, फोन ठणठणीत होता, मधला पूलच काढून घेतला गेला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला विचारायला सांगतो, की घरातलं इंटरनेट बंद असताना फोन आणि प्रिंटर एकमेकांशी बोलतात का? बोलत असतील तरच घ्या.

झेरॉक्सच्या दुकानाविषयी एक सूचना करून घरचा विषय संपवतो. तिथे आधार कार्ड पाठवताना 'मास्क्ड आधार' पाठवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कागद हातात पडला, की दुकानदाराच्या संगणकातली फाइल समोर उभं राहून पुसून घ्या. चांगला दुकानदार याचा राग मानत नाही.

तर घरात, माझ्या मते, बहुतेकांना हा खर्च परवडत नाही. पण हातातल्या यंत्रातून छापणं म्हणजे काही फक्त घरातला फोन आणि टेबलावरचा प्रिंटर नव्हे. तुमच्यापैकी अनेकजण आज इथे ज्या बसने आलात, तिच्यातच तसलं एक यंत्र होतं. मी शाळेत होतो तेव्हा एसटीच्या कंडक्टरकडे रंगीबेरंगी तिकिटांचा ट्रे असायचा आणि पंचचा टकटक आवाज शेवटच्या बाकापर्यंत यायचा. आता मशीन आहे. गाव निवडलं, बटण दाबलं, की कागदाची पट्टी बाहेर. मला आज बोलायचंय ते या पट्टीविषयी.

आपल्या जिल्ह्यातलं दूध संकलन केंद्र डोळ्यांसमोर आणा. पहाटे सहाची वेळ, कॅनची रांग. दूध मोजलं जातं, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचे, आकडे येतात. गायीच्या दुधाचा दर राज्यात 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरून ठरतो, आकडा त्याखाली गेला की प्रत्येक पॉइंटमागे दर कापला जातो. पूर्वी हे सगळं वहीत लिहिलं जायचं आणि वही केंद्राकडे राहायची. दूध घालणाऱ्या बाईच्या हातात रिकामी बादली यायची. आता तिच्या हातात पट्टी येते, तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. दहा दिवसांचं बिल आलं की ती जुळवून पाहू शकते. ब्लूटूथवर चालणारा दोन इंची प्रिंटर दोन-चार हजारांत मिळतो. पंधरा मीटरचा रोल पंचवीस रुपयांना धरला आणि पट्टी दहा सेंटिमीटरची, तर एका रोलमध्ये दीडशे पट्ट्या निघतात. एक पट्टी पडते सतरा पैशांना. शाई लागत नाही, त्यामुळे वाळण्याचा प्रश्नच येत नाही. सतरा पैशांत एका बाईला तिच्या दुधाचा पुरावा मिळत असेल, तर तो खर्च परवडतो का, हे विचारायचीही गरज नाही.

रास्त भाव दुकानात तेच. अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. पॉस मशीनवर अंगठा ठेवला, की किती धान्य उचललं ते वर नोंदलं जातं. पण पिशवीत किती पडलं आणि मशीनमध्ये किती पडलं, हे ताडून पाहायचं तर हातात पावती हवी. "रोल संपलाय, पुढच्या महिन्यात देतो" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. गावातल्या बँक मित्राकडे आधारवर पैसे काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचंही तसंच आहे. पासबुक तालुक्याला जाऊन भरून आणेपर्यंत त्याच्याकडे दुसरं काही नसतं. रोल संपणं ही मला तांत्रिक अडचण वाटत नाही. तिथे त्या माणसाचा हक्क अडतो. म्हणून मशीनच्या खर्चात रोलचा खर्च आधीपासून धरला पाहिजे आणि पावती नाही तर व्यवहार नाही, असं मागायला आपण शिकलं पाहिजे.

पण हे सांगून मी घरी गेलो, तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

तीन वर्षांपूर्वी गंगापूर तालुक्यातले एक बाबा दुकानात आले. धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकची घट्ट बांधलेली पिशवी. आत दुधाच्या अकरा पावत्या, एकावर एक, व्यवस्थित. बिलात फरक आला होता आणि तो दाखवायला त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या. मी एक उचलली. कोरी. दुसरी उचलली. तीही कोरी. "याच्यावर छापलेलं होतं हो," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, मी विश्वास ठेवत नाहीये.

छापलेलं होतंच. या थर्मल कागदावर शाई नसते. कागदाच्या अंगालाच एक रंगहीन रंगद्रव्य आणि एक आम्लधर्मी पदार्थ लावलेला असतो. छापताना प्रिंटरच्या पट्टीवरचे बारीक तापणारे ठिपके तिथे गरम होतात. दोन इंची यंत्रात एका ओळीत 384 असतात, मिलिमीटरला आठ. उष्णतेने ते दोन पदार्थ वितळून एकत्र येतात आणि काळं उमटतं. पण हा जोड कायमचा नाही. ऊन, तेल, तुपाचा हात, सॅनिटायझर, सगळ्यांनी तो सुटतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मऊ प्लॅस्टिक. त्यातले मऊपणा आणणारे पदार्थ कागदात उतरतात आणि अक्षरं पुसतात. बाबांनी पावत्या जपल्या होत्या त्या पिशवीनेच खाल्ल्या होत्या.

मी केस वाळवायचं यंत्र आणलं आणि पावतीला मागून हळूहळू ऊब दिली. काही कागदांवर उरलेला लेप काळा पडतो आणि जिथे आधी अक्षरं होती ती जागा फिकी राहते. पहिल्या दोन वाया गेल्या, नुसत्या राखाडी झाल्या. तिसरीवर धुरकट पार्श्वभूमीतून पांढुरका 3 आणि टिंब दिसलं, मग 4. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. अकरापैकी चार वाचता आल्या. त्यांची लगेच झेरॉक्स काढून दिली. बाकी सातांचं मी काही करू शकलो नाही.

कागदाचाच विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्याच जिल्ह्यात दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांची ही वस्ती असं सांगतात. हातकागद करण्याची परंपरा तिथे आजही पूर्ण मिटलेली नाही. अशा हातकागदावर काजळीच्या शाईने लिहिलेली दप्तरं शेकडो वर्षांनी आजही वाचता येतात. अशा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा पुरावा एक उन्हाळाही टिकू नये, याचा मला मनापासून त्रास होतो. वरून संरक्षक लेप दिलेला थर्मल कागद बाजारात मिळतो. तो थोडा महाग आहे, पण पट्टीमागे काही पैशांचाच फरक. जिथे पावती हा एखाद्या माणसाचा एकमेव पुरावा आहे, तिथे तोच कागद वापरावा, अशी मागणी मी इथून करतो. युरोपीय संघाने जानेवारी 2020 पासून थर्मल कागदातल्या बिस्फेनॉल ए या रसायनावर कडक मर्यादा घातली, ती माणसाच्या आरोग्यासाठी. म्हणजे या कागदाला नियम लावता येतात. मग तो किती दिवस टिकावा, याचाही नियम लावता येईल. शिवाय पट्टीसोबत एसएमएसही गेला पाहिजे. रेल्वेने 2012 पासून फोनवरचा एसएमएस तिकीट म्हणून मानला आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? पावती मिळाली की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा. पाकीट, प्लॅस्टिकची पिशवी, लॅमिनेशन यांपासून ती लांब ठेवा. लॅमिनेशन तर कधीच करू नका, त्या उष्णतेने अख्खा कागद काळाठिक्कर पडतो. कागदी पाकिटात, वहीच्या पानांत, सावलीत ठेवा.

बाबा गेल्या पोळ्याला परत आले होते, नातवाच्या फोनचं काही काम घेऊन. खिशातून एक पावती काढून त्यांनी मला दाखवली. पुढची बाजू छापलेली. मागच्या, लेप नसलेल्या बाजूला सुनेने निळ्या बॉलपेनने तेच आकडे उतरवून घेतले होते. तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ. आणि खाली, केंद्रावरच्या पोराची सही.