स्वयंपाकघर : मातृभाषेची पहिली शाळा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्या बाईंनी आयुष्यभर मुलांना मराठी शिकविले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून आज मी जो विषय मांडणार आहे, तो व्याख्यानपीठाला काहीसा घरगुती वाटेल. विषय आहे मुलांना बरोबर घेऊन केलेला स्वयंपाक. तथापि इंदुरात मराठी पुढच्या पिढीच्या तोंडी राहील की नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तेथेच दिसते.

१८१८ साली मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली आणि दरबाराच्या आश्रयाने मराठी कुटुंबे येथे रुजत गेली. पुढे दरबार गेला. रस्त्यावर हिंदी आणि माळवी होतीच, शाळा-कचेऱ्यांत इंग्रजी आली. मराठी घरात आली, आणि घरातही हळूहळू आत सरकत ओट्यापाशी येऊन थांबली. आता मूलच ओट्यापाशी येत नसेल, तर ती कोणाशी बोलणार?

आपल्या रोजच्या न्याहारीचेच उदाहरण घेऊ. इंदूरची सकाळ शेव, जिरावन आणि जिलबी यांच्या संगतीने उजाडते. चौकातल्या ठेल्यावर ‘पोहा’ मिळतो. घरात मात्र ‘पोहे’ होतात. हिंदीत तो एकवचनी, मराठीत ते अनेकवचनी. ‘पोहा छान झाला’ असे म्हणणाऱ्या नातवाला आजी ‘पोहे छान झाले’ असे म्हणून बशी पुढे करते, तेव्हा व्याकरणाचा एक पाठ पुस्तकाविना पूर्ण होतो. तोच नातू पोहे भिजवायला बसला, तर त्याला आणखी काही मिळते. पाण्यातून काढून निथळलेला पोहा चिमटीत दाबला की मऊ लागावा, पण त्याचा लगदा होऊ नये. या ओळखीला आपण ‘अंदाज’ म्हणतो. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे देऊन कितीतरी नवख्या हातांना धीर दिला, परंतु चिमटीतला अंदाज कोणत्याही पुस्तकाला देता येत नाही. तो शेजारी उभे राहूनच घ्यावा लागतो.

शब्दांचेही तसेच आहे. निवडणे, पाखडणे, चाळणे, वेचणे ही एकाच धान्यावरची चार वेगळी कामे आहेत. चिरणे वेगळे, किसणे वेगळे, खवणे वेगळे. परतणे म्हणजे ढवळणे नव्हे आणि घोटणे म्हणजे घुसळणे नव्हे. मोदकाची पारी, करंजीची मुरड, चकलीचा सोऱ्या, पिठातले मोहन, दुधातले विरजण हे शब्द पाठ करून येत नाहीत. ज्याने मुरड घातली, त्यालाच ती तळताना उकलली म्हणजे काय होते ते कळते. ‘सव्वा’ हा शब्द सत्यनारायणाच्या शिऱ्यातून मुलाच्या कानी पडतो. पाऊण, दीड आणि अडीच वाटी-मापट्यांतून. इंग्रजीत अपूर्णांक सोडविणाऱ्या मुलाला ‘पावणेदोन वाट्या’ म्हणजे किती हे सांगता येऊ नये, ही काही गणिताची उणीव नव्हे.

शिक्षणशास्त्राला हे नवे नाही. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले, तेव्हा तेथील लहान मुले स्वतः जेवणाची मांडणी करीत आणि वाढीत. भावनगरला १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात रुजविला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेला. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये सामुदायिक स्वयंपाकघर हाच अभ्यासाचा भाग होता. हाताला काम दिले की बुद्धी आणि वाणी त्यामागून येतात, ही या सर्वांची श्रद्धा होती.

आपल्या आठवणीही हेच सांगतात. माजी विद्यार्थी एकत्र जमले की खाल्लेल्या पक्वान्नांपेक्षा केलेल्या कामांविषयीच अधिक रंगून बोलतात. गच्चीवर पापडांची राखण करताना तेलात बुडवून खाल्लेल्या लाट्या, दाण्यांची फोलपाटे फुंकून काढणे, पावसाळ्यात भुट्ट्याच्या किसासाठी कणसे किसताना तोंडावर उडालेले चिकाचे थेंब. बटाट्याचा कीस आपला, भुट्ट्याचा कीस माळव्याचा. पण किसणी एकच, आणि ती मुलाच्या हाती आली की दोन्ही घरे त्याची होतात.

मात्र या आठवणींची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. त्या रंगवून सांगणारे बहुधा पाटावर बसून जेवणारे होते. जी चुलीपुढे बसली होती, तिला आठवणी काढण्याची उसंत नव्हती. ‘आईच्या हातची चव’ या गोड शब्दांखाली तिचे अखंड कष्ट झाकले गेले. म्हणून मुलांनी स्वयंपाकघरात यावे असे मी म्हणतो तेव्हा मुलगा आणि मुलगी दोघांनीही, आणि मुलाने आधी, असे मला म्हणावयाचे आहे. मुलीला संस्कार म्हणून पोळपाट आणि मुलाला गंमत म्हणून एक दिवस लाटणे, ही वाटणी आता पुरे झाली.

अडचणी मला ठाऊक आहेत. विस्तव आहे, विळी आहे, सांडलवंड आहे आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे वेळ नाही. मुलाच्या हातून काम करवून घेण्यापेक्षा स्वतः करणे लवकर होते, हे खरेच. पण बोलणे त्या जास्तीच्या वेळातच होते. चार-पाच वर्षांच्या मुलाने मटार सोलावेत, मेथी निवडावी. सात-आठ वर्षांच्याने कणीक मळावी. दहा-अकराच्याने, मोठे माणूस शेजारी उभे असताना, फोडणी करावी. रोज नको, आठवड्यातून एक वेळ पुरे. मात्र त्या वेळी भाषा मराठी असावी, आणि अडलेला शब्द हिंदीने किंवा इंग्रजीने न भरता वस्तूकडे बोट दाखवून सांगावा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपणा सर्वांना आनंद आहे. तो दर्जा ग्रंथांच्या बळावर मिळाला. बोलणाऱ्या मुलांची खात्री तो देऊ शकत नाही. ग्रंथालये शब्द जपतील, कोश अर्थ सांगतील. ‘जरा परत, खाली लागतंय’ हे वाक्य मात्र कढईपाशी कोणी उभे असेल तरच उच्चारले जाईल, आणि ऐकून हात हलविणारे कोणी असेल तरच जिवंत राहील.

येत्या रविवारी आपल्या घरी पोहे होतील. ते भिजविण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्या मुलाला द्यावे, एवढी विनंती करून मी थांबतो.